देवळालीत मिळालेली जुनी रॅले : रंगवू की राहू देऊ?

चढणवेडा

नमस्कार मंडळी. गेले आठ महिने जुनी, वाकड्या हँडलची रोड सायकल शोधत होतो. अखेर मागच्या रविवारी नाशिकजवळच्या देवळाली कॅम्पातल्या एका जुन्या बंगल्याच्या पडवीत ती सापडली.

रॅले आहे, बाटलीहिरवा रंग, पुढच्या बिल्ल्यावर बगळ्याचं डोकं. पुढे दोन चकत्या, मागे पाच, म्हणजे दहा गिअर. गिअरचे लिव्हर फ्रेमच्या खालच्या दांडीवर. बंगल्यातल्या आजी म्हणाल्या की त्यांच्या यजमानांनी १९७८ साली इंग्लंडहून परत येताना ती बोटीने सोबत आणली होती. वीस-बावीस वर्षं ते तिच्यावर रोज सकाळी फिरायचे. पुढे गुडघ्याने साथ सोडली आणि सायकल पडवीत गेली. वर गोणपाट टाकलेलं होतं, त्यामुळे पाऊस थेट लागलेला नाही, पण धूळ आणि कोळ्याची जाळी भरपूर.

साडेचार हजार दिले. आजींच्या मुलाकडून कागदावर सही घेतली: कोणी, कोणाला, किती रुपयांना विकली आणि फ्रेमचा नंबर. जुनी सायकल घेताना एवढं तरी प्रत्येकाने करावं. ती चोरीची निघाली तर आपल्याकडे दुसरा पुरावा नसतो.

याआधी एकदा फसलो आहे, म्हणून यावेळी सावध होतो. गेल्या दिवाळीत जाहिरात पाहून एक 'विंटेज' सायकल घेतली होती. चकाचक लाल रंग, नवी टेप, नवं सीट. घरी आणून चालवली तर हात सोडला की डावीकडे ओढायची. रंग खरवडला तेव्हा खाली पुढचं चाक धरणाऱ्या चिमट्याच्या मुळाशी वाकून सरळ केल्याची खूण आणि हेड ट्यूबच्या, म्हणजे हँडलखालच्या उभ्या नळीच्या, मागे नळीला सुरकुती. कुठेतरी समोरून जोरात धडकलेली असणार. ती भंगारात गेली आणि पैसे पाण्यात.

आता या रॅलेची स्थिती: टायर दगड झालेत. हँडलची दांडी जागची हलत नाही. क्रँक, म्हणजे पायडलची दांडी, ढिली आहे. मागचा डिरेलर, म्हणजे गिअर बदलणारा भाग, तुटलेला. क्रोमवर गंजाचे ठिपके आहेत, रंग जागोजागी उडालाय. माझा विचार असा की आधी अंबडला नेऊन पावडर कोटिंग (भट्टीत पक्का केलेला नवा रंग) करून घ्यावं, मग एकेक भाग जोडत बसावं. हा क्रम बरोबर आहे का? जाणकारांनी सांगावं.

प्रेसकॉलनी

फोटो पाहून गलबलून आलं. आमचे वडील नाशिकरोडला सरकारी छापखान्यात, प्रेसमध्ये होते. पाळी सुटली की गेटातून सायकलींचा लोंढा बाहेर पडायचा. सगळ्या काळ्या, रॉड ब्रेकवाल्या. त्यात कुणाची वाकड्या हँडलची सायकल दिसली की आम्ही पोरं मागे पळायचो. अभिनंदन. रंगाचं मला कळत नाही, पण आजींना एकदा तयार झालेली सायकल जरूर दाखवा.

जुनेलोखंड

पावडर कोटिंग आत्ता नको. शेवटीही नको असं माझं मत आहे, पण ते नंतर सांगतो. आधी फ्रेम सरळ आहे का ते बघा, बाकी सगळं त्यावर अवलंबून आहे.

मी सातपूरला टूलरूममध्ये तीस वर्षं काढली, आता निवृत्त आहे. जुन्या सायकली उघडणं हा माझा छंद. त्यामुळे थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

पहिलं काम, दोन्ही चाकं काढा. मागच्या डाव्या ड्रॉपआऊटला, म्हणजे चाकाचा एक्सल बसतो त्या खाचेला, बारीक सुतळी बांधा. ती हेड ट्यूबला वळसा घालून उजव्या ड्रॉपआऊटला ताणून बांधा. आता सीटच्या नळीपासून डाव्या सुतळीचं आणि उजव्या सुतळीचं अंतर मोजा. एक-दोन मिलिमीटरचा फरक चालतो. चार-पाच आला तर मागचा भाग एका बाजूला गेलाय. लोखंडी फ्रेम असेल तर तो सरळ करता येतो, ॲल्युमिनियमच्या फ्रेमला असं कधी करू नका.

दुसरं, हेड ट्यूबच्या मागे, वरच्या आणि खालच्या दांडीच्या पोटाकडून बोट फिरवा. समोरून धडकलेल्या सायकलीला तिथे फुगवटा किंवा सुरकुती येते, आणि सगळ्यात आधी रंग तडकतो. तुमच्या मागच्या सायकलीने तुम्हाला हेच शिकवलं, फक्त महाग शिकवलं. मूळ रंग पन्नास वर्षांत काय काय झालं ते दाखवतो, नव्या रंगाखाली ते सगळं झाकलं जातं. या सायकलीचा रंग तुमच्या बाजूचा साक्षीदार आहे, त्याला सँडब्लास्टिंगला, म्हणजे वाळूच्या माऱ्याने उतरवायला, पाठवू नका.

तिसरं, सीटपोस्ट काढून व्हर्निअरने जाडी मोजा. २७.२ मिलिमीटर निघाली तर नळी पातळ आणि चांगल्या दर्जाची असण्याचा संभव मोठा. रेनॉल्ड्स ५३१ या हलक्या पोलादी नळीच्या फ्रेममध्ये बहुधा तो आकडा येतो. २५.४ किंवा २६.४ च्या आसपास असेल तर साधी, जाड भिंतीची नळी.

आणि एक विचारायचं राहिलं. सायकल तुमच्या मापाची आहे का? वरच्या दांडीवर पाय फाकून उभं राहिल्यावर दोन-तीन सेंटिमीटर जागा राहते का? राहत नसेल तर कितीही सुंदर असली तरी दुसऱ्याला द्या. मापाबाहेरची सायकल महिन्याभरात पुन्हा पडवीत जाते.

चढणवेडा

माप बरोबर आहे, जागा राहते. सुतळीने मोजलं: डावीकडे ३१, उजवीकडे ३० मिलिमीटर! हेड ट्यूबमागे बोट फिरवलं, एकदम गुळगुळीत. रंगाला तडा नाही.

सीटपोस्ट मात्र २५.४ निघाली. थोडा हिरमुसलो. ५३१ ची पट्टी धुळीखाली असेल अशी आशा होती.

जुनेलोखंड

हिरमुसू नका. १९३५ पासून रेनॉल्ड्सने ५३१ नळी बनवली, मँगनीज-मॉलिब्डेनमचं पोलाद, हलकं आणि चिवट. शर्यतीच्या सायकलींना तीच लागायची. पण रॅलेने सामान्य माणसाच्या सायकली साध्या नळीत बनवल्या आणि त्या पन्नास वर्षं टिकल्या. किलो-दोन किलो जास्त भरेल. तुम्ही रोज चालवणार आहात, शर्यत नाही.

सिंहगडरोड

पुण्याहून लिहितोय. मुंबई-पुणे शर्यतीत बोरघाट चढणारे आमच्या लहानपणीचे कितीतरी सायकलपटू अशाच जड लोखंडी सायकलींवर सराव करायचे. 'घाटाचा राजा' हा किताब पायाला मिळतो, सायकलीला नाही.

एक सावधगिरीचं सांगतो. टायर घेण्याआधी जुन्या टायरच्या कडेला बारीक आकडा वाचा. या काळातल्या रॅलेला बहुधा २७×१¼ चाक असतं.

चढणवेडा

बरोबर! ३२-६३० असं लिहिलंय. गावातल्या तीन दुकानांत फिरलो. एकाने २८×१½ टायर दिला, म्हणाला ओढूनताणून बसेल. बसला नाही.

सिंहगडरोड

बसणारच नाही. इथे फार लोक फसतात, म्हणून सविस्तर लिहितो. इंचातला आकडा हा टायरच्या बाहेरच्या मापाचा ढोबळ अंदाज असतो. खरा आकडा रिमचा व्यास. आपल्या काळ्या रोडस्टरच्या २८×१½ ला तो ६३५ मिलिमीटर, तुमच्या २७×१¼ ला ६३०, आणि आजच्या रोड आणि हायब्रिड सायकलींच्या ७०० सी ला ६२२. गंमत बघा, ७०० सी च्या काही टायरवरसुद्धा २८ लिहिलेलं असतं. तेव्हा इंच विसरा, तीन आकडी संख्या पाहा.

तुमच्यापुढे दोन मार्ग आहेत. ६३० चा टायर शोधत बसायचं, किंवा ७०० सी च्या रिम घालायच्या. ७०० सी ची त्रिज्या ४ मिलिमीटरने कमी, म्हणून ब्रेकचे गुटके तेवढे खाली सरकवावे लागतात. त्या काळच्या ब्रेकमध्ये तेवढी खाच बहुधा असते.

दिंडोरीरोड

माझं मत निःशंकपणे ७०० सी ॲल्युमिनियम रिमच्या बाजूने. मी रोज म्हसरूळहून दिंडोरी रोडने कामावर जायला सायकल वापरते, जून ते सप्टेंबरसुद्धा. आधी क्रोमच्या लोखंडी रिमवाली जुनी सायकल होती. पावसात त्या रिमवर रबर नुसतं घसरतं. ब्रेक दाबला की पहिले काही क्षण काहीच होत नाही. एकदा मेरीच्या सिग्नलला मी लाल दिव्याच्या पुढे जाऊन थांबले, समोरून बस येत होती. त्या आठवड्यात रिम बदलल्या. ओली असली तरी ॲल्युमिनियमची रिम पुष्कळ बरी धरते. बाकी काय हवं ते जुनं ठेवा, ब्रेक आणि रिम यांत हट्ट करू नका.

आणि रंगाबद्दल: राहू द्या. मूळ रंगावर एखाद्याचे हात फिरलेले असतात.

चढणवेडा

ताई, पटलं. ७०० सी घालतो. मागच्या चाकाचं एक विचारायचं आहे. तयार नवीन चाक घेतलं तर ते फ्रेममध्ये जातच नाही, खूप रुंद आहे.

जुनेलोखंड

जाणार नाही. पाच गिअरच्या काळात मागे दोन खाचांमधलं अंतर १२० मिलिमीटर असे. सहा-सातच्या काळात १२६ झालं, आठच्या पुढे रोड सायकलींना १३०. फ्रेम लोखंडाची आहे, ताणून रुंद करता येते, पण मी म्हणेन गरज नाही. तुमचे मूळ हब, म्हणजे चाकाचे मधले तुंबे, उत्तम आहेत. ३६ भोकांच्या ॲल्युमिनियम रिम घ्या, नव्या तारा घ्या आणि जुन्या हबवर चाक विणून घ्या. गावात जुने कारागीर आहेत, डोळ्यांनी चाक बघून आऊट (चाकाचा वाकडेपणा) काढतात. तारांची लांबी हब आणि रिम दोन्ही मोजूनच ठरवा, अंदाजाने तारा आणल्या तर निप्पलमध्ये आटे पुरत नाहीत.

विणायला देण्याआधी हब उघडून स्वच्छ करा. पुढच्या हबमध्ये दर बाजूला ३/१६ इंचाचे दहा छर्रे, मागच्यात १/४ इंचाचे नऊ. छर्रे मोजून काढा आणि सगळे नवेच घाला, ते स्वस्त असतात. कोन, म्हणजे छर्रे ज्यावर फिरतात तो शंकूसारखा नट, दिव्याखाली फिरवून बघा. खड्डा पडलेला कोन नखाला लागतो. तो बदलायचा.

चढणवेडा

काका (आता काकाच म्हणतो), छर्रे झाले. पुढचा कोन शाबूत, मागचा डावा खड्ड्यांनी भरलेला, बदलला. आता क्रँकवर अडलोय. कॉटर पिनचा (क्रँक एक्सलवर घट्ट धरणाऱ्या पाचरीचा) नट काढला, हातोडीने दोन घाव घातले, पिन वाकली. थांबलो.

जुनेलोखंड

थांबलास ते बरं केलंस. (मीही आता एकेरीवर येतो.)

कॉटर हवेत धरून ठोकायची नाही. घाव छर्र्यांवर जातो, ते ज्यात बसतात त्या कपात खड्डे पडतात आणि पिन वाकते. क्रँकच्या खाली, पिनच्या डोक्याभोवती, जाड लोखंडी पाइपचा तुकडा उभा ठेव. पाइपचं दुसरं टोक जमिनीवर टेकलं पाहिजे. मग धक्का जमिनीत जातो. आदल्या रात्री पिनला पेनिट्रेटिंग ऑइल पाज. मग एकच ठाम घाव. दहा हलके घाव पिनचं टोक चपटं करतात. याहून चांगलं म्हणजे सी-क्लॅम्प: एका बाजूला पाइपचा तुकडा, दुसऱ्या बाजूला पिनचं टोक, आणि दाबत जा. कडकन आवाज येतो आणि सुटते. त्या आवाजाला घाबरू नको.

नवीन कॉटरची चिंता नको. परदेशात लोक ती शोधत फिरतात, आपल्याकडे काळ्या सायकलींमुळे कोणत्याही सायकलच्या दुकानात मिळते. साडेनऊ मिलिमीटरची माग. चपटी बाजू कानशीने घासून दोन्ही सारख्या बसव. दोन्ही पिना एकमेकींच्या उलट दिशेने घालायच्या, नाहीतर दोन्ही क्रँक एका रेषेत येत नाहीत आणि पायडल मारताना लंगडल्यासारखं वाटतं.

बीबीचा (क्रँकच्या एक्सलच्या बेअरिंगचा) चेनकडचा कप काढायचा हट्ट धरू नकोस. त्याचे आटे उलटे आहेत, सोडायला घड्याळाच्या दिशेने फिरवावा लागतो. लोक नेमकं विरुद्ध जोर लावतात आणि कड तोडतात. तो जागेवरच रॉकेलने धू. डावीकडचा कप काढ, एक्सल काढ, दर बाजूला १/४ इंचाचे अकरा छर्रे, भरपूर ग्रीस. आणि कप नवे घ्यावेसे वाटले तर आधी आटे मोज. बाजारातले बहुतेक कप इंचाला २४ आट्यांचे असतात, नॉटिंगहॅमच्या जुन्या रॅलेत मात्र बरेचदा २६ आटे सापडतात. २४ चा कप २६ मध्ये जोराने घातला तर फ्रेमच वाया जाते. मूळ कप चांगले असतील तर तेच वापर.

चढणवेडा

सी-क्लॅम्पने दोन्ही सुटल्या! दुसरीच्या आवाजाने आई स्वयंपाकघरातून धावत आली. कप चांगले आहेत, एक्सलही. नुसतं जुनं ग्रीस मेणासारखं झालं होतं.

हँडलची दांडी अजून हलत नाही. वरचा बोल्ट सैल केला, तरी ढिम्म.

जुनेलोखंड

बोल्ट पूर्ण काढू नकोस. दोन-तीन आटे सैल करून त्यावर लाकडाचा ठोकळा ठेव आणि ठोक. आत पाचर असते, ती खाली पडली की दांडी सुटते. तरीही नाही सुटली तर ती गंजाने चिकटली आहे. दांडी ॲल्युमिनियमची आणि आतली नळी पोलादाची असेल तर उष्णता देऊ नकोस. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट पसरतं, म्हणजे आणखी घट्ट. उलट कर: तेल पाजून दोन दिवस ठेव, मग दांडीला बर्फ बांध. पुढचं चाक गुडघ्यांत धर आणि हँडल फिरव.

चढणवेडा

चार दिवस तेल, दोनदा बर्फ. आज संध्याकाळी सुटली.

हँडलची टेप काढताना एक गोष्ट दिसली, ती इथे सांगावीशी वाटते. टेपचे तीन थर होते. वर काळी इलेक्ट्रिकची पट्टी, तिच्याखाली निळी प्लॅस्टिकची, आणि अगदी आत पांढऱ्या सुती टेपचे तुकडे. तिन्ही थर एकाच जागी झिजले होते, उजव्या बाजूला ब्रेकच्या जरा मागे. म्हणजे एकच माणूस, एकाच जागी हात ठेवून, वीस वर्षं. वरच्या दांडीवर डाव्या बाजूला रंग गेलाय तोही असाच, हाताने धरून ढकलत नेल्याचा. मी पॉलिश हातात घेतलं आणि खाली ठेवलं. पावडर कोटिंगचा विचार सोडला.

पण मग उडालेल्या जागी गंज वाढू नये म्हणून काय करू?

दिंडोरीरोड

छान केलंत! नुसतं साबणाचं पाणी, मऊ फडकं, वाळल्यावर मेणाचं पॉलिश. लगच्या, म्हणजे नळ्यांच्या सांध्यांवरच्या खोबणींच्या, कडांची सोनेरी रेघ जपून पुसा, हाताने ओढलेली असेल तर जोराने घासल्यावर निघून जाते. उघड्या लोखंडावर गंज साफ करून पारदर्शक लॅकरचा बारीक ब्रशने एक थर. क्रोमवरच्या ठिपक्यांना स्वयंपाकघरातली ॲल्युमिनियम फॉइल चुरगाळून, पाण्यात बुडवून घासा. क्रोम कठीण, फॉइल मऊ, चरे पडत नाहीत.

जुनेलोखंड

सुटे नट, बोल्ट, लोखंडी पट्ट्या यांना ऑक्झॅलिक ॲसिड. लिटरभर पाण्याला २५–३० ग्रॅम, प्लॅस्टिकच्या टबात, रात्रभर. हातमोजे घाल, उघड्यावर कर, घरात लहान मुलं असतील तर टब झाकून वर ठेव, ते विष आहे. नंतर सोड्याच्या पाण्याने धू, लगेच पुसून तेल लाव. ओलं राहिलं तर तासाभरात पुन्हा लाली येते. ॲल्युमिनियमचे भाग त्यात टाकू नकोस.

आणि नळ्यांच्या आत कोणी बघत नाही, तिथे गंज लागतो. शिजवलेलं जवसाचं तेल सीटच्या नळीतून आत सोड, फ्रेम सगळ्या बाजूंनी फिरव, जास्तीचं निथळू दे आणि आठवडाभर टांगून ठेव. आतून पातळ कातडीसारखा थर धरतो.

प्रेसकॉलनी

एक शंका. एवढ्या खटपटीच्या पैशात चांगली वापरलेली हायब्रिड आली असती ना? २०१५ साली डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी रेस ॲक्रॉस अमेरिका ही अमेरिका आरपार जाणारी सायकल शर्यत पूर्ण केली, तेव्हापासून नाशकात इतक्या सायकली आल्या की वापरलेल्याही भरपूर मिळतात.

चढणवेडा

आली असती. ज्याला फक्त सायकल हवी आहे त्याने तीच घ्यावी, मी मनापासून सांगतो. साडेचार हजारांची सायकल उभी राहीपर्यंत आणखी नऊ हजार लागले: रिम आणि तारा, टायर-ट्यूब, चेन, फ्रीव्हील, ब्रेकचे गुटके, वायरी, डिरेलर. पण या सायकलीचा प्रत्येक छर्रा मी हातात घेतलाय. रस्त्यात काही बिघडलं तर काय बिघडलं ते मला आवाजावरून कळेल.

डिरेलरचं सांगायचं राहिलं. जुना सिम्प्लेक्सचा, प्लॅस्टिकचा, मधोमध तडकलेला. तो जपून डब्यात ठेवला. त्याच्या जागी शिमानोचा टूर्नी लावला, पत्र्याच्या पंज्यासकट येतो तो. लिव्हर टकटक करणारे नाहीत, घर्षणावर थांबणारे आहेत, त्यामुळे कोणताही डिरेलर त्यांच्याशी जुळतो. गिअर कानाने लावायचा, खरखर थांबली की बसला.

सिंहगडरोड

हँडल आणि दांडी मूळचीच ठेवलीत का? ॲल्युमिनियम थकतं. दांडीच्या पकडीजवळ हँडलवर बारीक भेग आहे का ते भिंगाने बघा. ते तुटलं तर सूचना देत नाही.

चढणवेडा

बघितलं. दांडी ठीक, हँडलला पकडीजवळ केसाएवढी रेघ दिसली. चरा की भेग कळेना, म्हणून हँडल बदललं. आजींसाठी जुनं जपून ठेवलंय.

आज पहाटे पहिली मोठी फेरी झाली. इंदिरानगरहून सातपूरमार्गे त्र्यंबक रोडने बेळगाव ढगा, महिरावणी, तळेगाव, अंजनेरीच्या पायथ्याशी चहा, मग त्र्यंबकला कुशावर्तापर्यंत आणि परत. महिरावणीनंतर वाऱ्याने जरा त्रास दिला. ४० दातांची छोटी चकती आणि मागे २८, त्यावर चढ निभावला. हात सोडून पाहिला, सरळ चालली.

परतताना देवळालीला वळलो. आजी पडवीत आल्या, सायकलीकडे बघत राहिल्या. मग वरच्या दांडीवर, जिथे रंग गेलाय तिथे, त्यांनी हात ठेवला. मी जुनं हँडल त्यांना द्यायला काढलं, त्या म्हणाल्या, "ते तुझ्याकडेच राहू दे, सायकल इथे आणत जा."

जुनेलोखंड

वाचून फार बरं वाटलं. आता एक काम विसरू नकोस. नवीन कॉटर पहिल्या पन्नास-साठ किलोमीटरमध्ये बसते आणि ढिली होते. नुसता नट आवळून ती ओढू नकोस, आटे जातील. आधी क्लॅम्पने दाब, मग नट टेकव.

चढणवेडा

आत्ताच केलं, काका. उजवी जागेवर होती. डावी थोडी आत गेली आणि नट अर्धा फेरा फिरला.